एमसीआर चप्पल मिळवताना: माझा अनुभव

मधुमेहाने माझ्या पायांच्या नसा बधिर केल्यात, हे निदान एका सकाळीत झालं. डॉक्टरांनी डोळे मिटायला लावले, नायलॉनचा ताठ दोरा तळपायाला जागोजाग टेकवला आणि लागलं की 'हो' म्हणा म्हणाले. १० ग्रॅम दाब पडला की तो दोरा वाकतो. दोन्ही अंगठ्यांखाली मला काहीच कळलं नाही. कंप कितीला जाणवतो ते मोजणाऱ्या यंत्राचा आकडा २५ व्होल्टच्या वर गेला, म्हणजे जखमेचा धोका जास्त. डाव्या चवड्यावरचा घट्टा त्यांनी ब्लेडने तासला, कारण न दुखणाऱ्या पायात जखम बऱ्याचदा घट्ट्याखाली तयार होते. बी-१२ जीवनसत्त्व तपासायला सांगितलं. मधुमेहाचं मेटफॉर्मिन हे औषध वर्षानुवर्षं घेतलं की ते कमी होऊ शकतं आणि त्यानेही पाय बधिर होतात. शेवटी केसपेपरवर लिहिलं, 'एमसीआर चप्पल'. एवढ्या दोन शब्दांनी मला पुढे किती फिरवलं!

एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर, आत हवेचे बारीक कप्पे असलेलं मऊ रबर. आमच्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात अशी चप्पल मिळते, असं ओपीडीतल्या सिस्टरनी सांगितलं. खिडकीवर गेले तर आतून प्रश्न आला, "कुष्ठरोगाचं कार्ड आहे का?" मागे रांग, रांगेत आमच्याच गल्लीतली दोन माणसं. मी म्हटलं, मला शुगर आहे. "मग नाही मिळणार. हा साठा कुष्ठरोग कार्यक्रमाचा आहे."

कुष्ठरुग्णांचा त्या चपलेवर पहिला हक्क आहे, त्यातली एकही मला नको होती. माझं म्हणणं एवढंच होतं, की मधुमेहवाल्याने मग जायचं कुठे, ते तरी सांगा. ते कोणी सांगेना. खिडकी म्हणे डॉक्टरांचं पत्र आणा. डॉक्टर म्हणत केसपेपरवर लिहिलंय की. पुन्हा खिडकीवर गेले, तर म्हणे चप्पल शिवून देणारी कार्यशाळा मागच्या इमारतीत आहे, तिकडे विचारा. कार्यशाळेला कुलूप. माप घेणारे आठवड्यातून एकदाच येत, आणि त्या दिवशी आमची मेडिसिनची ओपीडी नसे, म्हणून पत्रावर सही करायला डॉक्टर नसत. ज्या बाईला चालणं कमी करा म्हणून सांगितलंय, तिला या इमारतीतून त्या इमारतीत चालवत होते. आजही आठवलं की चीड येते.

घरच्यांनी बाजारातून 'डायबेटिक चप्पल' आणून दिली. दिसायला मऊ, पण अंगठ्याने दाबलं की रबर दबलेलंच राहायचं. चांगलं एमसीआर दाबलं की लगेच वर येतं. टोचऱ्या उंचवट्यांची अ‍ॅक्युप्रेशरची चप्पल तर बधिर पायाने कधीच घालू नये. कोणी भेट दिली तरी नाही.

गाठ सुटली ती समाजसेवा अधीक्षकांमुळे. रुग्णांच्या अडचणी सोडवायला मोठ्या सरकारी रुग्णालयांत हे पद असतं, बहुतेकांना माहीत नसतं. अडलात तर खिडकीशी वाद न घालता आधी त्यांची खोली शोधा. मॅडमनी माझं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "ताई, कुष्ठरोग काय नि मधुमेह काय, नस बधिर झाली की पाय सारखाच झिजतो." डॉ. पॉल ब्रँड यांचं नाव मी त्यांच्याकडूनच ऐकलं. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करताना त्यांनी दाखवून दिलं, की पाय आपोआप सडत नाहीत. दुखणं कळत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो. पुढे अमेरिकेत गेल्यावर तेच ज्ञान त्यांनी मधुमेहाच्या पायांसाठी वापरलं. मॅडमनी डॉक्टरांना फोन लावला, पत्राचा मजकूर ठरवून दिला आणि कार्यशाळेत सामानाचे पैसे भरून चप्पल करून घ्यायची परवानगी मिळवली. त्या दिवशी मला किती हलकं वाटलं!

मजकूर असा होता, जसाच्या तसा मागून घ्या: निदान 'मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेली'; आतला थर एमसीआरचा, बाहेरचा तळ टणक; मागे पट्टा; वेल्क्रो; कुठेही खिळा नको. मागचा पट्टा हवाच, कारण बधिर पायातून चप्पल निसटलेली कळत नाही आणि ती धरून ठेवायला बोटं वाकडी होत जातात. नुसतं 'एमसीआर चप्पल' लिहिलेला कागद घेऊन जाऊ नका.

चप्पल मिळाल्यावर पहिल्या दिवशी तासभरच घातली, मग पाय पाहिले. लाल डाग राहिला तर ती जागा सैल करून घ्यायची. घरातही हीच घालते. देवळात उन्हाळ्यात दुपारी जात नाही, सकाळी लवकर जाते. तापलेल्या फरशीने तळपाय भाजला तरी आपल्याला कळत नाही. अंघोळीचं पाणी यांनी हात घालून पाहिल्याशिवाय मी पाय बुडवत नाही. शेकायची पिशवी घरातून काढून टाकली. कुरुपावर लावायच्या औषधी पट्ट्याही नकोत, त्यातलं अ‍ॅसिड चांगली कातडी जाळतं.

तळपाय रोज रात्री आरशात पाहते. खोबरेल लावते, पण बोटांच्या बेचक्यात नाही. तिथे ओल राहून चिखल्या होतात. मोजे फिक्या रंगाचे घ्या, रक्ताचा ठिपका लगेच दिसतो. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवायचा, खडा असेल तर हाताला लागतो.

एमसीआर वापराने दबत जातं, म्हणून दुसऱ्या जोडाचं पत्र मी आधीच घेऊन ठेवलंय. त्याची झेरॉक्स मॅडमकडेही दिली आहे. खिडकीवर आमच्यासारखं कोणी आलं, तर तोच मजकूर त्या लिहून देतात.