कारखान्यातून आली तशीच गाडी ट्रॅकवर

आज माझी स्पोर्ट्स कार, एकही भाग न बदलता, प्रथमच ट्रॅकवर नेली. इंजिनाची ताकद कमी पडेल अशी धास्ती होती, ती पहिल्याच फेरीत निघून गेली. कमी पडले ते ब्रेक, आणि खरे सांगायचे तर त्याहून अधिक मी स्वतः.

चौथ्या फेरीत, सरळ पट्ट्याच्या शेवटी, ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा खोल गेले आणि पायाला स्पंजासारखे लागले. पॅड आणि डिस्कची उष्णता कॅलिपरमधील, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातील, ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचली की ते उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि द्रव दाबला जात नसला तरी वाफ सहज दाबली जात असल्याने पायाचा जोर वाया जातो. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण काळाबरोबर हवेतला ओलावा शोषून त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. माझे ऑइल दोन वर्षांचे होते, हे घरीच आठवायला हवे होते!

एक फेरी ब्रेकला शक्यतो पाय न लावता हळू मारली, ट्रॅकलगतच्या थांब्यात, म्हणजे पिटमध्ये, तापलेल्या ब्रेकवर दाब राहू नये म्हणून हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये उभी केली आणि टायरमधील हवा मोजली. सकाळी ३२ पीएसआय भरलेली हवा आता ३९ दाखवत होती, म्हणून थोडी सोडली. दुपारी ब्रेक लवकर पण हलके लावत गेलो, तेव्हा कुठे गाडी वळणात निमूटपणे वळू लागली.