लाईट गेली आणि ४२ - १७ चं उत्तर ३५ आलं

आमची झेडपीची शाळा द्विशिक्षकी, पट २३. माझ्याकडे पहिली-दुसरी. गावाने लोकवर्गणी काढून ४३ इंची टीव्ही घेऊन दिला, मोलमजुरी करणाऱ्यांनीसुद्धा शंभर-दोनशे दिलेत, त्यामुळे तो टीव्ही म्हणजे सगळ्यांना आपला वाटतो आणि कोणी ना कोणी खिडकीतून डोकावून जातंच, चालू आहे का बघायला.

दुसरीला हातच्याची वजाबाकी चालू होती. वर्गात रेंज नाही म्हणून मी आदल्या रात्री घरून व्हिडिओ डाउनलोड करून पेनड्राइव्हवर नेते. तो व्हिडिओ आठवड्यात चार वेळा लावला, गाणं आहे, चित्रं छान, पोरं तर उत्तरं पाठोपाठ ओरडायची आणि मला वाटलं चला, झालं यांचं. शुक्रवारी व्हिडिओ चालू असतानाच लाईट गेली. म्हटलं ठीक आहे, फळ्यावर ४२ - १७ लिहिलं आणि पाट्या काढायला लावल्या.

अकरापैकी आठ जणांनी ३५ लिहिलं.

म्हणजे २ मधून ७ जात नाहीत तर सरळ ७ मधून २ काढले, मोठ्यातून लहान. व्हिडिओत प्रश्न विचारला की दोन सेकंदात उत्तर येतं, विचार करायला वेळच नाही, पोरं ते उत्तर गाण्यासारखं पाठ करत होती. आणि मी ओरडण्याच्या आवाजावरून समजलं असं धरलं. फार वाईट वाटलं मला, चार तास वाया गेले त्यांचे.

मग कपाटातले काड्यांचे गठ्ठे काढले. चार गठ्ठे, दोन सुट्ट्या. सतरा द्या मला. एक मुलगी बराच वेळ दोन काड्या हातात धरून बसली, मग तिने हळूच एका गठ्ठ्याचं रबर काढलं आणि म्हणाली, बाई आता बारा झाल्या! तेवढ्यात खिडकीतून एका पोराचे वडील, "बाई, टीव्ही बिघडला का?" त्यांना आत बोलावलं, पोराशेजारी बसवलं, त्याला रबर सोडताना बघितलं त्यांनी.

मी टेक्नॉलॉजीच्या विरोधात नाही हो. परितेवाडीच्या झेडपी शाळेत डिसले सरांनी पुस्तकांना क्यूआर कोड लावले, पुढे ते राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आले, २०२० ला सरांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, त्याचा मला अभिमानच आहे. पण कुठल्या धड्याला काय लावायचं हे बाईंनाच ठरवावं लागतं. पावसाचा धडा, समुद्र, जो आमच्या पोरांनी पाहिलाच नाही, तिथे टीव्हीला तोड नाही. वजाबाकीला आता आधी काड्या, मग व्हिडिओ, तोही उत्तर यायच्या आधी पॉज करून पाट्या बघते.

परवा परत तसंच गणित दिलं. दोघांचं अजून मोठ्यातून लहानच चाललंय. मधल्या सुट्टीनंतर त्यांना घेऊन बसते, गठ्ठे सोडत.