आमची वाटचाल: गुळीची शेती, निळा रंग आणि केसांची पावडर

नमस्कार मंडळी. बार्शी तालुक्यात आमची कोरडवाहू जमीन, तूर, उडीद, सोयाबीन असंच वर्षानुवर्षं चाललेलं. गुळी, म्हणजे ज्याच्या पाल्यातून नीळ निघते ते झाड, लावायचं डोक्यात आलं ते आमच्या जाऊबाईंच्या, त्यांना नैसर्गिक रंगांचं भारी वेड, कुठल्यातरी वर्कशॉपला तमिळनाडूची निळीची वडी बघून आल्या आणि म्हणाल्या हे आपल्याकडे का नाही होणार. होतं की. तुरीसारखंच शेंगवर्गातलं झुडूप, मुळांना गाठी धरतात, जमिनीला नत्र देऊन जातं, निचरा चांगला असला की पाण्याचे लाडही नाहीत. बी मात्र टणक, वाळूत चोळून रात्रभर भिजवल्याशिवाय धड उगवत नाही. मामंजी म्हणाले, बिहारात चंपारणला इंग्रज साहेबांनी कुळांना बिघ्यातले 20 पैकी 3 कठ्ठे जबरदस्तीनं लावायला लावायचे तेच ना हे? तेच, फक्त इथे साहेब पण आम्हीच आणि कूळ पण आम्हीच.

आता रंगाचं सांगते. फुलं यायच्या आत कापायचं आणि त्याच दिवशी पाला हौदात बुडवायचा, वर दगड ठेवून, रात्रभर. सकाळी पाणी पिवळट हिरवं झालेलं असतं आणि वास असा की शेजारणी पदर नाकाला लावून जातात. मग पाला काढून ते पाणी बडवायचं, तासभर तरी, हात भरून येतात, कारण हवा मिसळल्याशिवाय निळं होतच नाही. फेस निळा झाला की थांबायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी सोडून द्यायचं, गाळ उकळून फडक्यात दाबून वड्या कापायच्या आणि सावलीत वाळवायच्या. एवढं करून 100 किलो ओल्या पाल्यातून किलोभर वडीसुद्धा निघत नाही!! शिवाय 1897 पासून कारखान्यातली कृत्रिम नीळ बाजारात आहे, तिच्या भावाशी आपली काय बरोबरी. कापड रंगवायला आम्ही रांजणात चुना आणि गूळ घालून, टाकळ्याचं बी शिजवून वडी आंबवतो, दक्षिणेत अशीच पद्धत आहे आणि टाकळा काय, बांधावर फुकट. कापड बाहेर काढलं की आधी हिरवट आणि बघता बघता निळं, रंग पक्का व्हायला तुरटी-बिरटी काही लागत नाही. हे बघायला पोरं अजून गोळा होतात, मीसुद्धा.

पण खरं बोलायचं तर घर चालतं ते केसांच्या पावडरीवर. पाला सावलीत पण झटपट वाळवायचा, ओल राहिली की रंग तिथेच उडाला, मग दळून बारीक चाळायचा. वड्या घेणारे थोडे, छापकाम करणारे आणि हातमागवाले, पावडर मात्र घरोघरी जाते. आधी मेंदी लावून धुवायची आणि मग गुळी, कोमट पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटांत लावून टाकायची, तिला मेंदीसारखं रात्रभर भिजवू नका!! मग गडद तपकिरी ते काळा रंग येतो, पूर्ण चढायला एक-दोन दिवस. बाजारात काळी मेंदी म्हणून मिळते तिच्यात बऱ्याचदा पीपीडी नावाचं केमिकल असतं, काहींना त्यानं भयंकर ॲलर्जी येते. आमच्यात फक्त पाला आहे, तरीपण आधी कानामागे लावून बघा.

औषधाचं खूप जण विचारतात. आयुर्वेदात हिला नीलिनी म्हणतात, केरळचं नीलीभृंगादि तेल हिचंच, त्यात माका आणि आवळा पण असतो. आम्ही तेल विकत नाही, औषध बनवून विकायला लायसन लागतं आणि ते आमच्याकडे नाही. घरी आई खोबरेल तेलात ताजा पाला कढवते, आम्ही तेच लावतो, केस छान राहतात पण टकलावर केस उगवतात वगैरे मी छातीठोक सांगणार नाही. आणि पोटात घ्यायचं असेल तर आधी वैद्यांना विचारा, व्हॉट्सॲपला नाही.

यंदा गावातल्या आणखी काही बायका बांधावर लावणार आहेत, पाला आम्हीच घेणार, पण फक्त सकाळी कापलेला आणि दुपारच्या आत आणलेला. बी हवं असेल तर मे महिन्यातच सांगून ठेवा, पेरणीच्या तोंडावर शिल्लक राहत नाही.