आमची वाटचाल : आधी भिंत, मग लाल चित्र

आमची सुरुवात चित्रांच्या फ्रेम करण्यातून झाली. लोक चित्र घेऊन यायचे, आम्ही माऊंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी, कापायचो, काच बसवायचो, मागे हुक लावून द्यायचो. लाल रंगाच्या चित्रापाशी माणूस सगळ्यात जास्त घुटमळतो, हे त्या कामात सतत दिसत राहिलं. चित्र मनात भरलेलं असतं, खाली ठेववत नाही, आणि तरी प्रश्न ठरलेला : “घरात फार भडक तर नाही ना दिसणार?” याचं नीट उत्तर देता यावं म्हणून आम्ही लाल रंगाच्या मागे लागलो. पुढे स्वतःच चित्रं करून घ्यायला लागलो, कॅनव्हासवर छपाई सुरू केली, आणि आज आमच्याकडच्या प्रत्येक चित्रात लाल हाच मुख्य रंग असतो.

आधी शिकलो ते टिकण्याबद्दल. सगळे लाल सारखे टिकत नाहीत. गेरूचा लाल लोहाच्या ऑक्साइडचा. गुहांमधल्या चित्रांत तो हजारो वर्षं तग धरून आहे. याउलट अमेरिकी चित्रकार मार्क रॉथको यांनी १९६० च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठासाठी केलेली भव्य चित्रं. त्यांत लिथॉल रेड हा उन्हात उडणारा लाल वापरला होता आणि खोलीत खिडक्यांतून भरपूर ऊन यायचं. लाल इतका उडाला की १९७९ साली ती चित्रं उतरवून ठेवावी लागली. २०१४ मध्ये ती पुन्हा मांडली, तेव्हा वरून रंगीत प्रकाश टाकून मूळ छटा भरून काढली होती. एवढ्या मोठ्या चित्रकाराच्या कामाची ही गत होते, म्हणून आम्ही डायची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची शाई वापरत नाही, पिगमेंटचीच, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची वापरतो. हाताने रंगवलेल्या कामात क्विनाक्रिडोन आणि पायरोल हे टिकाऊ लाल घेतो. तरीही थेट ऊन पडणाऱ्या भिंतीवर लाल चित्र लावू नका, असंच सांगतो.

आमच्या कामाला खरं वळण मिळालं ते मात्र दिव्यांमुळे. दुकानात झगझगीत वाटलेला लाल घरी गेल्यावर मातकट का दिसतो, याचा शोध घेतला तेव्हा कळलं की एलईडीच्या खोक्यावर जो सीआरआयचा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा असतो, तो आठ फिकट रंगांच्या चाचणीवरून काढतात. गडद लाल त्या आठांत नाहीच; त्याची मोजणी वेगळी, तिला आर-नाइन म्हणतात. आकडा ८० असलेल्या दिव्यातही आर-नाइन अगदी कमी असू शकतो. त्यामुळे आता चित्र निवडण्याआधी आम्ही दिव्याबद्दल विचारतो. सीआरआय ९० च्या वर, आर-नाइन ५० च्या वर आणि २७०० ते ३००० केल्विनचा उबदार उजेड असेल, तर लाल खुलतोच. दुसरी गोष्ट संधिप्रकाशाची. उजेड मंदावला की डोळ्यांना लाल आधी काळपट दिसू लागतो आणि निळा त्या मानाने उजळ. यान पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने १८२५ मध्ये हे नोंदवून ठेवलं आहे. झोपायच्या खोलीत दिवे मंदच ठेवत असाल, तर किरमिजीपेक्षा शेंदरीकडे झुकणारा लाल घ्या, असा आमचा आग्रह असतो.

भिंतीचं म्हणाल तर करड्या-हिरवट छटेवर लाल सगळ्यात जिवंत दिसतो, कारण हिरवा हा त्याचा विरोधी रंग. मोतिया भिंतीवर तो शांत बसतो. विटकरी भिंतीवर हरवतो; तिथे रुंद पांढरा माऊंट हवाच. सोफ्यावर लावायचं चित्र सोफ्याच्या दोन-तृतीयांश रुंदीचं, आणि मोकळ्या भिंतीवर चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटीमीटरवर, हे माप बहुतेक घरांत जमतं. समोरासमोरच्या दोन भिंतींवर मोठी लाल चित्रं मात्र आम्ही देत नाही. मागणी आली तरी एकच घ्या म्हणतो, आणि तोच लाल उशीच्या अभ्र्यात किंवा गालिच्याच्या काठात थोडासा आणायला सुचवतो.

आता ऑर्डर पक्की करण्याआधी आम्ही त्याच शाईचा, त्याच कॅनव्हासचा एक छापील तुकडा घरी पाठवतो. तो जागेवर चिकटवायचा, सकाळी, दुपारी आणि दिवे लावल्यावर पाहायचा, मग कळवायचं. या तुकड्यामुळे काहीजण चित्र बदलतात, काहीजण आधी दिवा बदलतात. दोन्ही आम्हाला चालतं.