तुम्ही विचारलंत म्हणून: हा तोच कॉर्कस्क्रू आहे का?

अमेरिकेतील आयडाहो राज्यातल्या अथोलच्या सिल्व्हरवुड या मनोरंजन पार्कमध्ये ‘कॉर्कस्क्रू’ नावाचा रोलर कोस्टर दाखवायला पाहुण्यांना नेले की “हा खरोखर तोच, की नक्कल?” हा प्रश्न ठरलेलाच. तोच आहे. १९७५ साली कॅलिफोर्नियातील नॉट्स बेरी फार्म या मनोरंजन पार्कमध्ये सुरू झालेला, प्रवाशांना उलटे करणारा आधुनिक काळातला पहिला रोलर कोस्टर १९९० पासून येथे धावतो आहे. पोलादी नळ्यांचा रूळ तुकड्यातुकड्यांनी जोडलेला असतो. तो सुटा करून दुसऱ्या राज्यात नेता येतो, यात चमत्कार काही नाही. चमत्कार असलाच तर आखणीत आहे. १८९५ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर झालेल्या कोस्टरच्या पूर्ण वर्तुळाकार लूपमध्ये (उभ्या वळशात) शिरताच मानेला जबर हिसका बसे. कॉर्कस्क्रू बनवणाऱ्या अ‍ॅरो कंपनीने तोच वळसा मळसूत्रासारखा पुढे ताणून सलग दोनदा फिरवला.

हेच सारे मी एकदा आमच्या मंडळातील व्याख्यानात ठासून सांगत होतो. कोस्टर म्हणजे त्याची आखणी, जागा गौण, असे माझे म्हणणे होते. तेव्हा पूलबांधणीत हयात घालवलेले एक निवृत्त अभियंता उठले. “मग याच आखणीचे जे कोस्टर अ‍ॅरोने इतरांना विकले, तेही पहिलेच का?” मी म्हणालो, नाही, पोलादही तेच हवे. “चाके झिजतात, साखळी बदलावी लागते. आणि पाया? तो तर कॅलिफोर्नियातच राहिला ना? आमच्याकडे पाया सोडून पूल नेला, असे कोणी म्हणत नाही.” सभागृह हसले, पहिल्या रांगेत बसलेली माझी मुलगीही हसली, आणि ते मला जास्त लागले. तो प्रश्न मला तेव्हा उद्धट वाटला. खरे सांगायचे तर अजूनही थोडा वाटतो, पण आखणीवरचा माझा सगळा भर त्या एका वाक्याने काढून घेतला, हेही खरे.

आता मी आखणीचे नाव न घेता रुळाचे घेतो. चाके वरून, बाजूने आणि खालून ज्या नळ्यांना धरून असतात, त्या त्याच आहेत. एवढ्याने पायाचा मुद्दा सुटत नाही, हे मला कळते. परंतु जागेलाच मूळ मानायचे, तर नॉट्समध्ये त्या जागी १९९० साली बूमरँग हा दुसरा कोस्टर आला आणि तो काढून २०१८ साली हँगटाइम हा तिसरा उभा राहिला. तेथे जाऊन त्या अभियंत्यांनी नेमके काय पाहायचे, हे मी त्यांना त्या दिवशी विचारायला हवे होते.