मान हलवली, एवढेच लिहिले

सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार शेवटच्या टप्प्यात पोहोचलेल्या एका काकांनी, मागच्या खेपेस व्हेंटिलेटरवरून सुटल्यावर, डॉक्टर आणि पत्नी यांच्यासमोर लिहून दिले होते की पुन्हा श्वासनलिकेत नळी घालू नये आणि हृदय थांबल्यास छाती दाबू नये. मास्क, औषधे आणि मॉर्फिन चालेल. कागद फाइलमध्ये सर्वांत वर होता, मात्र मुलाला त्याची कल्पना कोणी दिली नव्हती. अशा प्रकरणांतील बहुतेक भांडणे घरातल्या या मौनातूनच निघतात.

त्या रात्री बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र, चालू असूनही रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढत होता. मुलगा उशिरा पोहोचला आणि मॉनिटरवर ८९ पाहून त्याने स्वतःच ऑक्सिजनचा नॉब फिरवला. अशा रुग्णांत आम्ही ऑक्सिजनची पातळी मुद्दाम ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान राखतो, कारण गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिल्यास कार्बन डायऑक्साइड आणखी साठून गुंगी वाढू शकते. पण ९८ हा आकडा सर्वांच्या डोक्यात इतका पक्का बसला आहे की ८९ दिसले की नातेवाइकांना आमचा हलगर्जीपणाच दिसतो. मी नॉब पूर्ववत केला, तेव्हा “सिस्टर, तुम्ही मारताय त्यांना,” असे त्याने मला सर्वांदेखत सुनावले.

मग तो वडिलांच्या कानाशी वाकला. “बाबा, नळी घालू द्या ना, माझ्यासाठी.” काकांनी मान हलवली.

ड्यूटीवरील तरुण डॉक्टरांनी तेवढ्यावर नळीची तयारी करण्यास सांगितले. समोर ओरडणाऱ्या नातेवाइकापुढे सही केलेला कागद किती लवकर हलका होतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. मी ट्रॉली आणली, परंतु त्याआधी वरिष्ठ डॉक्टरांना फोन केला. त्यांनी येऊन नातेवाइकांना बाहेर थांबवले आणि नळी घातल्यास काय होईल, न घातल्यास काय होईल, हे काकांना स्वतःच्या शब्दांत सांगता येते का, ते पाहिले. काका बोलले नाहीत. “नळी हवी ना?” याला त्यांनी मान हलवली आणि “नळी नको ना?” यालाही तशीच हलवली. निर्णय घेण्याइतकी शुद्ध नसल्यामुळे पूर्वीचा लेखी निर्णयच कायम ठेवण्यात आला.

त्यानंतर धाप कमी करण्यासाठी मॉर्फिनचे लहान डोस, मास्कमुळे कोरडे पडणारे तोंड वारंवार ओले करणे आणि नाकाच्या हाडावर व्रण पडू नये म्हणून पट्टी, एवढेच काम उरले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. मुलगा माझ्याशी बोलला नाही. काकू एवढेच म्हणाल्या की मुलाचे मन मोडवत नसे म्हणून ते कायमच असे हो म्हणत.

नोंदीत मी ‘संमती दिली’ असे न लिहिता ‘मान हलवली’ असे लिहिले, दोन्ही वेळा, घड्याळातील वेळेसह. वरिष्ठ डॉक्टरांचा निर्णय मला तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो. परंतु त्या दोन नोंदींमधल्या काळात गुंगी वाढतच होती. त्यामुळे मुलाने पहिल्यांदा विचारले तेव्हा काकांना प्रश्न कळला होता की नाही, हे नंतरच्या तपासणीवरून सांगता येत नाही.