आमची वाटचाल : पाणी सोडणारे पंप आणि आमचं दुकान

नागपुरात स्विमिंग पूलच्या पंपानं पाणी सोडायला, म्हणजे पाण्याऐवजी हवा घेऊन कोरडं फिरायला, सुरुवात केली की मालकाला पहिला सल्ला मिळतो तो पंप बदलण्याचा. आमचं दुकान या सल्ल्याला नाही म्हणत वाढलं. पंप विकण्यात नफा जास्त आहे हे आम्हालाही कळतं. तरी चांगला पंप काढून नवा बसवल्याचं एकही बिल आम्ही आजवर फाडलेलं नाही, आणि हे मी अभिमानानं सांगतो.

सुरुवात मोटार वाइंडिंगपासून झाली. काटोल-नरखेडचे संत्रेवाले आपले मोनोब्लॉक, म्हणजे मोटार आणि पंप एकत्र असलेले पंप, घेऊन यायचे. माझे पहिले भागीदार, ज्यांना सगळा बाजार भाऊ म्हणतो, ते त्या पट्ट्यातल्या विहिरींवर हिंडून शिकलेले. विहिरीवर काम केलेल्या माणसाला सक्शन म्हणजे काय ते पुस्तकातून शिकवावं लागत नाही. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो खरं, पण पंप फक्त पाइपातला दाब कमी करतो. पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा. समुद्रसपाटीलाही ती १०.३ मीटरच्या वर ढकलू शकत नाही, आणि नागपूर तर ३१० मीटर उंचीवर, म्हणजे इथे त्याहून थोडं कमीच. त्याच हवेला पाइपात शिरायला केसाएवढी फट मिळाली की पाणी जागेवरच राहतं आणि पंप कोरडा फिरतो.

पुढे अमरावती रोड आणि काटोल रोडला फार्महाऊस उभी राहिली, त्यात पूल आले, आणि पुलांसोबत ही तक्रार आली. संध्याकाळी पंप व्यवस्थित चाललेला, सकाळी सुरू करावा तर स्ट्रेनरच्या, म्हणजे पंपाच्या तोंडाशी कचरा अडवणाऱ्या टोपलीच्या डब्याच्या, काचेखाली नुसती हवा. पाणी ओता, झाकण लावा, चालतो. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. भाऊंचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "पंपाले काही नाही झालं. हवा घेऊन राहिला तो. हवा कोठून येऊन राहिली ते पाय आधी."

भाऊंचं हत्यार उदबत्ती. पंपघराचा पंखा बंद, दार लोटलेलं, पंप चालू, आणि पेटवलेली उदबत्ती एकेका जोडाजवळ धरायची. झाकणाची कड, ड्रेन प्लग, युनियन (खोलता येणारा जोड), व्हॉल्व्हचा दांडा. धूर जिथे आत ओढला जातो तिथे फट. सक्शनच्या बाजूची गळती पंप चालू असताना ठिबकत नाही, बाहेरची हवा आत घेते, म्हणून फरशीवर पाणी शोधणाऱ्याला ती कधीच सापडत नाही. मी नंतर दाढीचा फेस वापरायला लागलो. जोडावर फासला की फट असेल तिथे त्याला खळगा पडतो. भाऊंना मात्र उदबत्तीच लागायची.

दुसरं हत्यार व्हॅक्यूम गेज, म्हणजे सक्शनमधला दाब किती उतरला ते दाखवणारा काटा. स्ट्रेनरच्या ड्रेन प्लगच्या जागी तो बसतो. काटा खूप वर गेला तर सक्शनमध्ये कुठेतरी अडलंय : टोपली भरली, स्किमरमध्ये (पुलाच्या भिंतीतलं पृष्ठभागावरचं पाणी घेणारं तोंड) पानं अडकली, व्हॉल्व्ह अर्धा बंद राहिला. काटा जेमतेम हलला आणि काचेखाली बुडबुडे दिसले तर हवा शिरते आहे. पूलचं काम करणाऱ्या पोरानं हा एक गेज स्वतःच्या पैशानं घ्यावा, मालकाची वाट पाहू नये.

आता ते प्रकरण सांगतो, कारण आमच्याबद्दल बाजारात जे बोललं गेलं ते आजही कधीकधी कानावर येतं.

अमरावती रोडवरच्या एका रिसॉर्टची पाइपिंग आम्ही केली होती. पावसाळ्यात पाणी शिरू नये म्हणून मालकांनी पंपघर उंचावर बांधून घेतलं, म्हणजे पंप पुलाच्या पाण्यापेक्षा वर. अशा ठिकाणी सक्शनला पाणी मागे उतरू न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लागतो, तो आम्ही दिला होता. दुसऱ्या उन्हाळ्यात पंपानं पाणी सोडायला सुरुवात केली. आम्ही पोहोचायच्या आत तिथे दुसरा ठेकेदार उभा. त्यानं दीड एचपीचा पंप काढून तीन एचपीचा बसवला, पाइप मात्र तोच ६३ मिमीचा. सुरुवातीला मोठ्या पंपानं जोर दाखवला. पण त्याच पाइपातून दुप्पट वेगानं पाणी न्यायचं तर घर्षण जवळजवळ चौपट होतं, सक्शनमधला दाब आणखी उतरतो आणि तीच फट आधीपेक्षा जास्त हवा घेते. स्किमरच्या तोंडाशी भोवरा पडायला लागला, तिथूनही हवा. पंपात गिट्टी फिरल्यासारखा आवाज. मग कोरडा फिरून शाफ्ट सील, म्हणजे फिरत्या दांड्यापाशी पाणी अडवणारं सील, जळलं.

तेव्हा त्या माणसानं मालकांना सांगितलं की पाइपिंगच बोगस आहे. आमचं उरलेलं बिल अडलं. तेवढ्यावर थांबला असता तर चाललं असतं, पण तो आमच्या बाकीच्या गिऱ्हाइकांकडेही तेच सांगत फिरला. हॉटेलं गेली, वार्षिक देखभालीचे करार गेले. पोरांचे पगार द्यायला मालाची गाडी विकली. लोहाओळीतल्या ज्या दुकानांत आमचं खातं चालायचं तिथे रोख मागायला लागले. घरी वडील म्हणाले, वाइंडिंगवर परत जा.

त्या काळात एका माणसानं आम्हाला सोडलं नाही. काटोल रोडला फार्महाऊस असलेले एक डॉक्टरसाहेब. गुडघ्यांसाठी रोज पोहायचे. त्यांच्याही पंपाला हीच खोड लागली आणि त्या ठेकेदाराचा माणूस त्यांच्याकडेही मोठा पंप घेऊन गेला. त्यांनी त्याला फाटकातूनच परत पाठवलं आणि मला फोन केला, "तुम्ही सांगाल तिथे खणतो. निदान न करता ऑपरेशन मी कधी केलं नाही."

तिथे आम्ही एकेक लाइन वेगळी केली. मेन ड्रेन, म्हणजे पुलाच्या तळातून येणारी लाइन, बंद करून पंप फक्त स्किमरवर चालवला, काच स्वच्छ. स्किमर बंद करून फक्त मेन ड्रेनवर, बुडबुडे. वरचे जोड उदबत्तीनं निर्दोष ठरले होते, म्हणजे फट जमिनीखाली. पंपघराच्या भिंतीलगत खणलं आणि जिथे पाइप भिंतीत शिरतो तिथला एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, चिरलेला निघाला. कारण आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पायावर उभी भिंत हलत नाही, मातीतला पाइप हलतो, आणि सगळा ताण त्या एका एल्बोवर. फट पुलाच्या पाण्यापेक्षा वर असल्यानं पाणी बाहेर गळत नव्हतं, रात्री हवा शिरायची आणि लाइनमधलं पाणी उतरून जायचं. आम्ही काळी माती काढून मुरूम भरला, भिंतीत मोठ्या पाइपाची बाही ठेवून त्यातून मोकळा पाइप नेला. तो जुना पंप अजून चालतो.

हे ऐकून रिसॉर्टच्या मेंटेनन्सवाल्यानं आम्हाला गुपचूप बोलावलं. तिथेही भिंतीलगतचाच एल्बो. जोड पक्का होता, चीर मातीनं पाडलेली. दुरुस्ती झाली, दीड एचपीचा पंप परत बसला, तीन एचपीचा शेडमध्ये गेला. दुरुस्तीचे पैसे मिळाले. जुनं अडलेलं बिल मात्र आजतागायत मिळालेलं नाही, आणि ज्यानं बोगस म्हटलं त्यानं ते कुणासमोर मागेही घेतलं नाही. ही गोष्ट मी विसरलेलो नाही.

नंतरची वर्षं बरी गेली. २०२० मध्ये पूल बंद पडले, बंद पंपांचे सील सुकले, उघडल्यावर काम भरपूर आलं. भाऊ आता गावी असतात. पोरं अडली की फोन पंपाजवळ धरतात आणि ते आवाजावरून सांगतात.

पूलमालकांनी दोन गोष्टी घरीच पाहाव्यात. पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या निम्म्यावर आहे ना, आणि झाकणाची ओ-रिंग. रिंगला व्हॅसलीन लावू नका, पुष्कळ रबर त्यानं फुगतात. सिलिकॉन ग्रीसच लावा. पंप कोरडा फिरू देऊ नका. टोपलीतलं पाणी तापून पीव्हीसीचे आटे नरम पडतात, मग तो जोड कितीही टेप गुंडाळा, हवा घेणारच. आणि नवा पूल बांधत असाल तर पंपघराचं जोतं घालायच्या आधी आम्हाला जागा दाखवा. भिंत उभी राहिल्यावर बाही ठेवायची तर ती फोडावी लागते.